बाराही महिने गमछा

“आमच्याकडे कुणाला काही नाही,” असं म्हणून नाना गळ्याभोवतीचा गमछा नीट करायचे. ते वाक्य आणि तो गमछा नेहमी जोडीनेच चालायचे.

देवासला लहान मुलांच्या एका दवाखान्यात मी काम करते. वजन-उंची घ्यायची, घरात कुणाला कसला आजार आहे का ते विचारायचं आणि मग डॉक्टर मॅडमकडे पाठवायचं, एवढं माझं काम. या प्रश्नाला लोक कसे सामोरे जातात ते तुम्हीही कुठे ना कुठे पाहिलं असेल. बायका सासरचं भराभर सांगतात, माहेरचं आठवावं लागतं. पुरुष छताकडे बघतात. नाना छताकडे बघत नसत. सरळ माझ्याकडे बघून म्हणत, “लिहा बाई. आमच्याकडे कुणाला काही नाही.”

ते आमच्या गल्लीत समोरच राहायचे. कारखान्यातून निवृत्त झालेले, पत्नी गेलेली, मुलगा गुजरातेत नोकरीला आणि दिवाळीपुरता घरी. घरात सून आणि नऊ वर्षांची नात, चिनू. पहिल्या भेटीला सून आली होती, पुढे तिला दवाखान्यात नानाच आणायचे. तिचं वजन तिच्या वयाच्या मानाने फारच जास्त होतं. नाना माझ्याकडे संशयाने बघत.

“काटा बिघडलाय तुमचा.”

“आत्ताच दुसऱ्या मुलाचं वजन केलं त्याच्यावर.”

“मग त्याच्यापासूनच बिघडला असेल. खात्यापित्या घरची पोर आहे. काडी दिसावी काय?”

आणि बाहेर पडताच रिक्षावाल्याला, “भिया, पहले जलेबीवाले के यहाँ रोकना.”

सून धारची. तिची आई शुगरने गेली होती आणि हे तिने पहिल्याच भेटीत मॅडमना सांगून टाकलं होतं. त्यामुळे चिनूच्या वजनाचा दोष कुठे टेकवायचा हा प्रश्न घरात कधी पडलाच नाही. बाकावर बसलेल्या चार लोकांसमोर नाना म्हणायचे, “हे धारचं आलंय. आमच्यात नव्हतं.” घरी सूनही हेच ऐकून घ्यायची.

एकदा भाजीच्या ठेल्यावर ती मला म्हणाली, “माझ्याकडूनच गेलं ना ताई तिच्यात. सोयरीक ठरताना बाबांनी मुद्दाम विचारलं होतं नानांना. आमच्याकडे शुगर आहे, तुमच्याकडे असेल तर नको. दोन्हीकडून नको. नाना म्हणाले, आमच्याकडे कुणाला काही नाही. म्हणून तर जमलं.” मग तिने दुधी घेतला. त्या दिवसांत ती रोज दुधीच घ्यायची.

रविवारी सकाळी समोरच्या अंगणात एक कार्यक्रम असे. चिनूची मान काळी पडत चालली होती. नाना बेसन आणि साय कालवून बसत आणि खरखरीत कपड्याने तिची मान घासत.

“आबा, दुखतंय,” चिनू आजोबांना म्हणायची.

“झालंच. थोडा मळ राहिलाय.”

मळ राहतच असे. चिनू शाळेत केस मोकळे सोडून जाऊ लागली.

मग एकदा तिघंही दवाखान्यात आली. घासून घासून चिनूची मान सोलवटली होती आणि सून या वेळी घरी थांबायला तयार नव्हती. मॅडमनी केस बाजूला केले.

“हे कुणी घासलं?”

“मळ होता,” नाना म्हणाले.

“हा मळ नाही. शरीराला साखर सांभाळणं जड जायला लागलं की मान अशी काळी पडू शकते. घासून जाणार नाही. घरात आणखी कुणाची मान अशी आहे?”

सून आठवायला लागली. “माझ्या आईची असेल. मी नीट पाहिलं नाही कधी. असेलच.”

चिनू मात्र मॅडमकडेच बघत होती. “मग मी घाणेरडी नाहीये?”

“अजिबात नाही.”

नानांनी गमछा सोडायला सुरुवात केली. थंडीत गारठा, उन्हाळ्यात लू, पावसात सर्दी, अशी कारणं त्यांच्याकडे बाराही महिने असत. इतकी वर्षं समोर राहून मी त्यांची मान पाहिली नव्हती. कढईच्या बुडासारखी होती.

“माझी आहे,” ते म्हणाले. “आमच्या मातोश्रींचीही होती. त्याही मला अशाच घासायच्या.”

मग बाकीचं आलं. मातोश्रींचा पाय धरमपुरीच्या घाटावर घसरून गेला असं सगळ्यांना सांगितलं होतं. तो शुगरने कापावा लागला होता. धाकटा भाऊ उन्हाने गेला म्हणायचे, तो हृदयविकाराने गेला. स्वतःच्या गोळ्या नाना बडीशेपेच्या डबीत ठेवत.

“चार बहिणींची लग्नं या एका वाक्यावर केली, बाई,” ते मला म्हणाले. सुनेकडे बघून बोलणं त्यांना जमलं नसावं. “मग मुलाचंही केलं. पुढे दुसरं काही तोंडातून निघेचना.”

सुनेने विचारलं, “नाना, मग माझ्या आईला का बोलत होतात?”

नाना गमछ्याची घडी घालत राहिले. ती घालून झाल्यावर त्यांनी पुन्हा उलगडली.

चिनूच्या तपासण्या झाल्या. फार उशीर झाला नव्हता. मॅडमनी खाणं बदललं, रोज चालायला सांगितलं. आजोबा आणि नात संध्याकाळी टेकडीच्या रस्त्याने चालू लागली. ती पुढे, ते मागे, आणि जलेबीचं दुकान आलं की दोघंही दुसरीकडे बघत. गमछा त्यांनी पुन्हा घेतला नाही.

उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी सून चिनूला घेऊन धारला निघाली. भांडण नाही, आवाज नाही. फक्त शिलाई मशीनही बरोबर होतं. सुट्टीला जाताना मशीन कुणी नेत नाही, हे मला कळलं तसं नानांनाही कळलं. टेम्पोत मशीन नीट बसेना, तेव्हा दोरी त्यांनीच आणून बांधली.

पुढच्या महिन्यात चिनूच्या तारखेला नाना एकटेच दवाखान्यात आले. नंबर येईपर्यंत बसले, मग चप्पल काढून काट्यावर चढले.

“नाना, हा मुलांचा दवाखाना आहे.”

“हौ, माहीत आहे. पण वजन किती आलं, हे घरी विचारायला कुणी नाही.”

मी आकडा वाचून दाखवला. “मागच्या वेळी?” त्यांनी विचारलं. मागची वेळ नव्हतीच. पण नंतर ते दर महिन्याला येत राहिले, मी आकडा सांगत राहिले, आणि दर वेळी ते म्हणत, “चिनूला फोनवर सांगतो.” फोन लागत होता की नाही, मी विचारलं नाही.

थंडी संपताना एका महिन्यात ते आले नाहीत. मुलगा आला, सगळं रीतसर केलं. तेराव्यानंतर सून चिनूला घेऊन दवाखान्यात आली. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला.

“माझ्या आईला शुगर,” ती म्हणाली. “सासऱ्यांना शुगर, त्यातूनच हृदय. त्यांच्या आईला शुगर, पाय कापला. चुलत सासरे हृदयविकाराने गेले.” कुठेही न अडखळता तिने सांगितलं.

चिनू काट्यावर चढली. केस वर घट्ट बांधलेले, मान उघडी. काळेपणा थोडा फिका झाला होता. तिने स्वतःचा आकडा पाहिला आणि उतरली नाही.

“आबांचं शेवटचं किती होतं?”

मला आठवत होतं. मी सांगितलं.