गुलाबी गहू

आश्विन लागला की वारासिवनीच्या बाजारात गुलाबी लेप दिलेल्या बियाण्यांची पोती तोंड उघडून मांडली जातात, आणि त्या उग्र औषधी दर्पाने मला शेजारच्या घरातले एक नवरात्र आठवते. त्या घरच्या नव्या सुनेला देवीपुढच्या टोपलीत गव्हाचे जवारे पेरण्याचा मान प्रथमच मिळाला होता. देवीला उत्तम तेच अर्पावे, या भावनेने घरचा गहू बाजूला ठेवून तिने दुकानातून हे रंगीत बियाणे आणले. माझ्या मंत्रोच्चारात पेरणी यथासांग झाली. पण पाचव्या दिवशीही टोपलीतली माती काळीच राहिली. "तुह्या हातालेच दोष हाय वं," सासू सर्वांसमक्ष म्हणाली, "देवीनंच दाखवून देलं." सून अधोवदन उभी होती. पिशवीत उरलेले दाणे मी ओंजळीत धुतले. पाण्याबरोबर रंग वाहून गेला आणि खाली किड्यांनी पोखरलेला जुना गहू दिसला. तो घेऊन मी दुकानदाराकडे गेलो. तो हसला. "महाराज, लोग रंग देखकर बोरी उठाते हैं, दाना कौन देखता है?" परतून ते पोकळ दाणे मी सासूपुढे ठेवले. तिने नम्रपणे हात जोडले. "हौ महाराज, तुमचं मन मोठं हाय. तिचा दोष झाकाले बोलून राह्यले तुमी." आजही त्या घरी जवारे पेरायला मीच जातो. सून माती चाळून देते, पाणी भरून ठेवते, आणि मी मंत्र म्हणू लागलो की कोणी न सांगता हात पदराला पुसून उंबऱ्याबाहेर जाऊन बसते.