माझी सही चालत नाही

आमच्या वाडीत गौरी-गणपती गेले की दुसऱ्या दिवशी गुणगौरव असतो. मुंबईकर अजून परतलेले नसतात, मंडप उतरवलेला नसतो, म्हणून तोच दिवस. दहावी-बारावी झालेल्या पोरांना शाल, नारळ आणि अध्यक्षांचं भाषण मिळतं. ज्या वर्षी मी एम.ए. झाले त्या वर्षी फ्लेक्सवर माझा फोटो होता. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो ओढून ओढून मोठा केलेला, त्यामुळे कान जरा जास्तच रुंद. नावाच्या आधी ‘डॉ.’ आणि खाली ठळक अक्षरांत: ‘आपल्या वाडीच्या पहिल्या डॉक्टरीणबाई (मनाच्या)’.

मी धावत अध्यक्षांकडे गेले. ते परळला राहतात, नात्याने माझे चुलत आजोबा, पण सगळे त्यांना काकाच म्हणतात.

“काका, ते ‘डॉ.’ झाकायला हवं. मी डॉक्टर नाही.”

“एम.ए. कशात केलंस?”

“मानसशास्त्रात.”

“मग? मनाचा शास्त्र शिकलीस ना? आता महाडवरनं छापून आणलेल्या फ्लेक्सवर काय चुना फासू?”

मग मी माइक हातात आल्यावर सांगायचं ठरवलं. आणि सांगितलंही. “मी डॉक्टर नाही, मी फक्त समुपदेशक आहे,” असं शाल अंगावर असताना, नारळ काखेत धरून, स्पष्ट बोलले. मंडपात टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी म्हणालं, “बघ, एवढी शिकली तरी गर्व नाय.” माझी आई पहिल्या रांगेत होती. तिने पदराने डोळे पुसले. त्या क्षणी माझी मान खाली गेली, आणि तोही लोकांना नम्रपणाच वाटला.

हा विषय मी घेतला तो एका बाईंमुळे. मी कॉलेजात नवी असताना पूर आणि दरडी एकदमच आल्या. त्यानंतर आमच्या भागात शहरातून पुष्कळ लोक आले. पाण्याच्या बाटल्या घेऊन, चादरी घेऊन, आणि काही जण नुसते बोलायला. ‘समुपदेशक’ असं छातीवर लिहिलेली एक बाई शाळेत उतरलेल्या बायकांजवळ तासन् तास बसायची. बोलायची कमी, ऐकायची फार. मला वाटलं, असं कोणीतरी आपल्या माणसांपैकी पाहिजे. त्या बाईंकडे परवाना होता का, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. मलाही सुचलं नाही. डॉक्टरकडे परवाना असतो, गाडीवाल्याकडे असतो, बारवाल्याकडे असतो. जवळ बसून ऐकणाऱ्याला परवाना लागत असेल, हे मला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी कळलं.

ते असं असतं. गोळ्या लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ. तो आधी डॉक्टर होतो, मग पुढचं शिकतो. चाचण्या घेऊन निदान करतो तो चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. त्याला एम.ए.नंतर मान्यता असलेल्या ठिकाणी आणखी शिकावं लागतं, रुग्णांमध्ये, मोठ्यांच्या नजरेखाली. मग दिल्लीच्या परिषदेत नाव नोंदतात आणि एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक त्याच्या शिक्क्यावर असतो. त्या अभ्यासाला जागा थोड्या आणि परीक्षा देणारे फार. मी परीक्षा दिली, जागा मिळाली नाही. महाडच्या एका कॉलेजात मला समुपदेशकाची नोकरी लागली. मी मुलांशी बोलते, ऐकते, गरज वाटली तर पुढे पाठवते. माझ्यासारख्यांचीही नोंद व्हावी म्हणून कायदा झाला आहे म्हणतात, पण ती नोंद आमच्यापर्यंत अजून पोचायची आहे. तोवर मी कोण, हे एका वाक्यात सांगता येत नाही. आणि आमच्या वाडीत एका वाक्यापेक्षा जास्त कोणी थांबत नाही.

दिवाळीआधी एका रविवारी काकी आली. काकी म्हणजे माझी सख्खी चुलती. हिच्याबद्दल आधी सांगायला हवं. मी शाळेत होते तेव्हा भातलावणीच्या दिवसांत घरातल्या प्रत्येकाला चिखलात उतरावं लागे. काकी म्हणाली होती, “तिला शालेत जाऊ दे, तिच्या वाटचा मी वाकंन.” आणि ती वाकली, दहावीपर्यंत दर वर्षी. आज तिला सरळ उभं राहताना कमरेवर हात ठेवावा लागतो. तो हात मला दिसला की मी दुसरीकडे बघते.

काकीबरोबर तिची धाकटी होती, माझी चुलत बहीण, दहावीतली. उंच, हसरी, आणि शाळेत कायम शेवटून दुसरी. लिहिताना ‘बाप’चं ‘पाप’ करायची, ‘गाडी’ची ‘काडी’. मुख्याध्यापकांनी काकीला बोलावून सांगितलं होतं, की हिला वाचण्या-लिहिण्याची अडचण असल्याचं प्रमाणपत्र आणा, बोर्डाच्या परीक्षेत सवलत मिळेल, जास्तीचा वेळ मिळेल. नाहीतर गणित आणि इंग्रजीत ही राहणार. प्रस्ताव पाठवायची मुदत जवळ आली होती. आणि पोरगी नापास झाली तर तिच्या वडिलांनी पुढचं ठरवून ठेवलेलं होतं. माणगावकडचं एक स्थळ.

काकीने छापील कागद माझ्यापुढे ठेवला. घडी व्यवस्थित उलगडली, वरून हात फिरवला.

“कर गो बाय सही.”

“काकी, माझी सही चालत नाही.”

“पेन देऊ?”

“पेन आहे. माझी सही यावर चालणार नाही. हिची चाचणी घ्यावी लागते. ती सरकारी केंद्रातच होते, नोंदणी असलेली माणसं घेतात. मी केली तर ती खोटी होईल.”

काकीने आईकडे बघितलं. आई चुलीपाशी होती. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवते, आणि मानधनाच्या दिवशी निळ्या शाईत अंगठा बुडवते. घरी आल्यावर ती शाई दगडाने घासून काढते.

“आता बोल,” काकी आईला म्हणाली. “तुजा अंगठा सरकारात चालतो, आणि हिची सही चालत नाय! एवढी पुस्तका वाचून काय मिलवलान?”

ती हसत बोलली होती. पण कागदाची घडी ती पुन्हा घालायला लागली होती. पोरगी माझ्याकडे, मग आईकडे बघून उगाच हसली.

“फ्लेक्सवर तर डॉक्टरीण होतीस,” काकी उठता उठता म्हणाली. “परक्यांसाठी डॉक्टरीण आणि घरच्यांना नाय.”

ती गेल्यावर आई भाकऱ्या थापायला लागली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “कर ना सही. कोण बघायला येतंय?”

मी तिला सगळं समजावलं. गोळ्यावाला डॉक्टर वेगळा, चाचणीवाला वेगळा, मी वेगळी. परिषद, क्रमांक, शिक्का. आई ऐकत होती, मी लहानपणी पाढे म्हणताना ऐकायची तशी, मान डोलवत. शेवटी तिने विचारलं, आणि त्यात टोमणा मुळीच नव्हता, तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं:

“मग तू झालीस काय?”

कायद्याप्रमाणे मी बरोबर वागले होते. तरी चोरी करताना सापडल्यासारखं वाटत होतं. माझ्या शिक्षणासाठी या घराने जे वाकून घेतलं, त्याच्या बदल्यात एक सहीसुद्धा मला देता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी काकीकडे गेले आणि म्हणाले, मी रजा काढते, आपण तिघी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात जाऊ, मी सोबत येते. काकी नुसती “बरं” म्हणाली.

पोलादपूरहून पहाटेची एसटी पकडली. पुढे गाडी बदलायची होती. काकी खिडकीशी, पोरगी मधे, मी कडेला. महाडचा फाटा मागे पडला तशी मी बोलायला लागले. मला काकीच्या मनातून उतरलेलं माझं शिक्षण पुन्हा चढवायचं होतं. मी सांगितलं की ही मठ्ठ नाही, काही मुलांच्या मेंदूत अक्षरं आणि आवाज यांची जोडणी वेगळी असते, म्हणून ‘ब’चा ‘प’ होतो. त्याला नाव आहे, त्यावर शिकवायच्या पद्धती आहेत. मी उदाहरणं दिली. पुस्तकातल्या पानासारखं सगळं जिभेवर होतं. काकी ऐकत होती. पोरगीही माझ्या तोंडाकडे बघत होती, मधे मधे मान हलवत होती, हसत होती. मला वाटलं, बिचारीला पहिल्यांदाच कोणीतरी समजून घेतंय. आणि मनात मी म्हणत होते, मला सगळं येतं, फक्त शिक्का नाही. शिक्क्यासाठी या बाईला कमर धरून एवढ्या लांब फरफटत न्यावं लागतंय. त्या परिषदेचा मला रागच आला होता.

रुग्णालयात आमचा नंबर दुपारी लागला. आतल्या मॅडम माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. टेबलावर त्यांचा शिक्का होता, नाव आणि खाली क्रमांक. त्यांनी विचारलं, “आपण कोण?” मी म्हणाले, “बहीण.” पुढे काही जोडलं नाही.

मॅडम आधी पोरीशी बोलल्या. मग वही बघत बघत मान खाली ठेवूनच काहीतरी विचारलं. पोरगी हसली आणि गप्प राहिली. त्यांनी मान वर करून तेच विचारलं. पोरीने लगेच उत्तर दिलं. मॅडम उठल्या, तिच्या पाठीमागे गेल्या, आणि साध्या आवाजात तिला पेन उचलायला सांगितलं. पोरगी समोरच्या भिंतीकडे बघत बसून राहिली.

“लहानपणी हिचा कान फुटायचा का?” त्यांनी काकीला विचारलं.

“फुटायचा की. दर पावसाल्यात. मी लसणीचा त्याल घालायची कोमट करून. मग कापूस.”

“आता?”

“आता पण मधे मधे येतो पू. पण दुखत नाय म्हणते.”

मॅडम म्हणाल्या, वाचनाची चाचणी आज घेणार नाही, आधी कानांची तपासणी. ऐकू येत नसेल तर चाचणीचं उत्तर खोटं येतं. हा नियमच आहे, डोळे आणि कान आधी. ‘प’ आणि ‘ब’ हिला सारखेच ऐकू येत असतील, ‘क’ आणि ‘ग’ही. ही ओठ बघून बोलणं ओळखते. वर्गात कुठे बसते? शेवटच्या बाकावर, मी म्हणाले. उंच आहे म्हणून.

तो कापूस मी पाहिलेला होता. तिच्या वेण्या घालताना कितीदा कानातला बोळा माझ्या बोटांना लागला होता. ती “काय?” म्हणून पुन्हा विचारायची तेव्हा आम्ही सगळेच तिला ‘बाई धुंदीत आहेत’ म्हणून चिडवायचो. चिडवणाऱ्यांत माझा आवाज मोठा होता.

संध्याकाळपर्यंत कान तपासून झाले. एका कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं, दुसऱ्याने कमी. पुढे तिला औषधं मिळाली, कानाचं यंत्र मिळालं, सवलतही मिळाली, पण ती कानाच्या प्रमाणपत्रावर. वाचनाची चाचणी मॅडमनी नंतर घेतली. त्यात अडचण निघाली नाही.

पण मला सांगायचं आहे ते परतीच्या एसटीतलं. काकी दमली होती, तरी तिचा माझ्यावरचा राग पार गेला होता. “बरं झाला गो तू सही नाय केलीस,” ती म्हणाली. “तुला कायतरी इशारा झाला असंल. शिकलेली ती शिकलेली.” मला इशारा झाला नव्हता. मी सही केली नाही ती कायद्याच्या भीतीने. मनातल्या मनात तर ती केव्हाच करून टाकली होती, निदानासकट.

पेणच्या पुढे काकीला डुलकी लागली. पोरीने माझ्या दंडाला हात लावला.

“ताई, सकाली तू आईला माज्याबद्दल येवढा काय सांगत व्हतीस? गाडीच्या आवाजात मला काय आयकू नाय आला.”

मी हळू आवाजात म्हणाले, “चुकीचं सांगत होते.”

“काय?”

“चुकीचं सांगत होते.”

तिने मान हलवली. माझ्या तोंडाकडे बघत, हसत, सकाळी हलवली होती तशीच. तिला ऐकू आलेलं नव्हतं. गाडीत अंधार होता, ओठही दिसत नव्हते. मी तिच्या बऱ्या कानाजवळ वाकले आणि ओरडून म्हणाले, “चूक होतं! मला कळलं नव्हतं!”

पुढच्या बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. काकी दचकून जागी झाली. “काय कळलं नव्हता गो?” ती म्हणाली. मग मी तिलाही सांगितलं, तसंच मोठ्याने, सगळ्या गाडीसमोर.