तीन दिवस दही लागंना!

मंडळी, आज डोकं फिरलंय. तीन दिवस झाले, घरात दही लागंना. शेजारच्या काकूंचं विरजण आणलं, पातेलं गोधडीत गुंडाळलं, तरी दूध आपलं तसंच.

सकाळी दूधवाल्या मारुतीमामांना धरलंच. "पाणी घालताय व्हय?"

"न्हाय ओ ताई! म्हशीची कास सुजलीया. इंजेक्शनं चालू हाईत."

"मग ते दूध आम्हाला कशाला?"

"डॉक्टर दूध घालू नका म्हणालेत. पर सगळं वतून टाकू व्हय?"

म्हणजे म्हशीचे जंतू मारायचं औषध दुधात उतरून माझ्या विरजणातलेही जंतू मारतंय! आणि तेच दूध माझी लेक रोज पितीय. तिच्या पोटातल्या चांगल्या जंतूंचं काय? मी असली तापले!

मामा शांतपणे म्हणाले, "तुमी बी साध्या सर्दीला मेडिकलातनं तसल्याच गोळ्या आणता की."

मी तरातरा घरात आले.

रागानं पातेलं उचललं. कढीपत्त्याच्या कुंडीत ओतावं, तर मातीतही जंतूच राबतात. मोरीत ओतावं, तर शेवटी जाणार पंचगंगेत, आणि मामांची म्हैस पाणी पिते तिथंच.

पातेलं अजून ओट्यावरच हाय. तुम्हीच सांगा, कुठं ओतू?