गळका कूलर

मे महिन्यात जयपूरला माणसांनाच पाणी पुरत नाही, तिथे कुंभारीण माशीला चिखल कुठून मिळणार? पण आनंदीच्या रेल्वे क्वार्टरचा कूलर गळका होता. त्याच्याखालच्या ओल्या मातीवर ती बारीक कमरेची, पिवळ्या पायांची माशी उतरली, जबड्यात चिखलाची गोळी धरून उडाली आणि खिडकीच्या चौकटीत घर बांधायला लागली.

आनंदीचं काळीज सुपाएवढं झालं. अकोल्याकडे तिची आई म्हणायची, कुंभारणीनं घर केलं की त्या घरात पाळणा हलतो. आनंदीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. डॉक्टर करून झाले, औषधं झाली, आता तर सासरचे विचारायचेही थांबले होते. तिला मूल हवं होतं, अजूनही, रोज.

नवरा भीमराव रेल्वेत फिटर, सरळसोट माणूस.

"काय वं, हे शकुन-बिकुन आपन सोडलं ना आता?" तो म्हणाला.

"मी कुठं मानतो म्हन्लं?" ती म्हणाली. " फक्त मोडू नोका."

मग भाजी करपली तरी हिचं लक्ष खिडकीत. माशी एकेक कोळी धरून आणायची आणि मातीच्या खोलीत कोंबायची. दुर्गापुऱ्याच्या शेतकी केंद्रातले उमाकांतराव एका हळदीकुंकवाला बायकोला सोडायला आले, तेव्हा आनंदीनं त्यांना आडून आडून विचारलंच.

"डंखानं कोळी मरत नाही, लुळा पडतो," ते म्हणाले. "म्हणून अळीला ताजं अन्न मिळतं. एका खोलीत एकच अंडं. ती स्वतः फुलांतल्या मधावर राहते. ही मंडळी कोळी आवरतात, कोळी माश्या-डास आवरतात. असं सगळं चाललेलं असतं."

"आणि पिल्लू कधी बघते?"

"बघत नाही. दार लिंपलं की गेली."

आनंदीला माशीचा रागच आला. एवढं करायचं आणि तोंडही बघायचं नाही?

दोन खोल्या लिंपून झाल्या. आत श्वास कसा घेत असेल, या काळजीनं तिला घास जाईना. शेवटी तिनं बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि एका खोलीला बारीक भोक पाडलं. दुसऱ्या दिवशी त्या भोकातून मुंग्यांची रांग ये-जा करत होती. आनंदी ओट्याला टेकून हमसून हमसून रडली.

भीमरावला मुंग्यांचं ठाऊक नव्हतं, माशी चिखल कुठून नेते तेही नव्हतं. पाण्याची नासाडी त्याला बघवत नसे. त्याच रविवारी त्यानं कूलरची गळती एम-सीलनं बुजवली. कुंभारीण कोरड्या मातीवर घिरट्या घालून निघून गेली. पावसाळ्यात उरलेल्या खोलीला एक गोल भोक दिसलं. तिनं करंगळी घालून पाहिली. आतलं पिल्लू कधीच उडून गेलं होतं. त्या रात्री तिनं भीमरावला सगळं सांगितलं, पिनेचंसुद्धा.

पुढच्या उन्हाळ्यात कूलर बाहेर निघाला, त्यात पाणी भरलं. आनंदी चहा घेऊन आली, तर भीमराव उकिडवा बसून स्क्रूड्रायव्हरनं कूलरचं बूड खरवडत होता. एम-सीलचा तुकडा निघाला आणि पाणी टपकायला लागलं.

"हे काय करता?"

"माती वाळली हाये," तो मान वर न करता म्हणाला. "गळू दे थोडं."