रेजिनाताईंच्या कपाळावरची राख

रेजिना तुस्कानोंना कॉलनीत कुणी ताई म्हणतं, कुणी मावशी, आणि ज्यांची बीपीची गोळी चुकलेली असते ते त्यांना लांबून बघताच रस्ता बदलतात. कारण ही बाई भर भाजीवाल्यासमोर विचारणार, "काय हो, गोळी घेतली का? की जिवावर उदार झालात?" जन्म वसईचा. नवरा विन्सेंट भोपाळच्या कारखान्यात लागला, म्हणून लग्न करून इकडे आल्या, दवाखान्यात नर्स झाल्या. निवृत्त झाल्यावर तरी गप्प बसतील अशी लोकांना आशा होती. ती त्यांनी पार धुळीला मिळवली. विन्सेंट गेला, तेव्हा एक महिना दार लावून घेतलं, तेवढंच.

भोपाळच्या अवधपुरीतल्या त्या कॉलनीत आता म्हातारी माणसंच जास्त. मुलं पुण्याला, बंगळुरूला, आणि आईवडील इथे टीव्हीसमोर बसून भिंतीशी बोलतात. सामाईक हॉलला लागून एक चांगली उजेडाची खोली वर्षानुवर्षं कुलपात पडलेली. ती खोली दिवसा या माणसांसाठी उघडायची, एवढाच रेजिनाताईंचा हट्ट. बसायला खुर्च्या, व्यायामाला चटया, बीपीचं मशीन आणि बोलायला माणूस. कमिटीने "बघू, बघू" करून त्यांचा जीव मेटाकुटीला आणला. शेवटी त्या चिडल्या आणि अध्यक्षपदालाच उभ्या राहिल्या!

समोर होते केशवराव. माणूस वाईट नव्हे, पण त्यांना ती खोली कोचिंग क्लासला भाड्याने द्यायची होती. म्हणजे ज्याच्या हाती अध्यक्षपद, त्याच्या हाती खोलीची किल्ली.

आता लीलावती आजींचं सांगायला हवं. शेजारच्या अलकाच्या या सासूबाई, मूळच्या अमरावतीच्या. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली होती. घरच्यांनी हात टेकले, रेजिनाताईंनी नाही टेकले. रोज सकाळी त्या हजर. "वर, आजी, वर! अजून थोडा!"

"मेले गं बाई!"

"मरायचं ते नंतर बघू. आधी हात वर करा."

शिव्या खात खात तो हात मांडीवरून निघून खांद्यापर्यंत आला. तिथे मात्र येऊन अडला तो अडलाच.

मतदानाचा दिवस जवळ आला तशी कुजबुज सुरू झाली. "बाई चांगली आहे हो, पण चर्चची आहे ना. आज म्हाताऱ्यांना जमवेल, उद्या प्रार्थना म्हणायला लावेल." ज्यांच्या घरी मध्यरात्री सलाईन लावायला ही बाई चपला न घालता धावली होती, त्यांच्याच तोंडून हे निघावं! कमाल आहे की नाही? रेजिनाताईंच्या कानावर ते आलं. वरवर त्या हसल्या. घरी जाऊन विन्सेंटच्या फोटोपुढे बसल्या आणि रडल्या.

रविवारी हॉलमध्ये लग्नं, म्हणून मतदानाची सभा ठरली बुधवारी. नेमका राखेचा बुधवार. कॅथलिकांचा उपवासकाळ या दिवशी सुरू होतो. गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी घरी नेलेल्या झावळ्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, परत आणायच्या, त्या जाळायच्या आणि तीच राख फादर कपाळावर क्रुसाच्या आकारात लावतात. "तू माती आहेस आणि मातीला मिळशील," असं म्हणतात. सकाळच्या मिस्सेहून, चर्चमधल्या उपासनेहून, आल्यापासून ती राख रेजिनाताईंच्या कपाळावर होती. पोटात उपवास होता.

संध्याकाळी त्या हॉलच्या दाराशी पोचल्या, तर मंजूषा धावत आली. ही त्यांच्या बाजूने घरोघर फिरलेली मुलगी.

"मावशी, कपाळ पुसून या ना. प्लीज. आजच्या दिवस. लोकांना निमित्तच हवंय!"

"बरं झालं, मग मिळालं," असं म्हणून त्या आत गेल्या. ती खोली, त्या खुर्च्या, आजींचा तो अडलेला हात, सगळं मात्र डोळ्यांपुढे आलं. कपाळ पुसायला असा कितीसा वेळ लागतो? नाही, पुसायचं नाही. त्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

तेवढ्यात अलका आली, घाईघाईत सासूबाईंची चाकाची खुर्ची ढकलत. रेजिनाताईंना बघितलं मात्र, "अगंबाई, हे काय काळं फासून बसलाय! आज भाषण ना तुमचं?" आणि त्या माउलीने पदराचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवलं अन् पोराचं तोंड पुसावं तसं कपाळ खसाखसा पुसून टाकलं. "हं. आता कशा छान दिसताय!"

मंजूषाने डोळे मिटले आणि सुटकेचा श्वास सोडला.

रेजिनाताईंचा हात कपाळाकडे गेला. रागवायचं तरी कुणावर? अलकाच्या चेहऱ्यावर नुसती माया होती. मग मनात दुसरंच आलं, आणि ते जास्त गोड होतं. आपण कुठे पुसलं? पुसलं दुसऱ्याने, तेही न कळून. फादरपुढे पापनिवेदनात सांगण्यासारखंही यात काही नाही. गप्प बसलं की खोली मिळतेय.

त्यांचं नाव पुकारलं गेलं. त्या उठल्या. भाषण हिंदीतून केलं, भोपाळमध्ये चारचौघांत बोलायची भाषा तीच.

"मघाशी माझ्या कपाळावर राख होती," त्या म्हणाल्या. "अलकाला वाटलं काजळी लागलीय, तिने प्रेमाने पुसली. पण तुम्हाला कळायला हवं की ती होती. मी कॅथलिक आहे. आज आमचा उपवास आहे. ज्यांना माझ्या पाठीमागे काही बोलायचं असेल, त्यांनी आता तोंडावर बोलावं. मी उभी आहे."

अलकाने पदराचं काळं टोक बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

केशवरावच बोलले. "ताई, लोक विचारतात म्हणून विचारतो. त्या खोलीत प्रार्थना होणार का?"

"प्रार्थना मी देवळात करते आणि घरी करते. तुमच्या सगळ्यांसाठी करते, ती काही मी थांबवणार नाही! खोलीत बीपी मोजणार. आणखी एक सांगते. ही राख लावताना आम्हाला सांगतात, तू माती आहेस, मातीला मिळशील. माझा नवरा याच गावच्या मातीत आहे. त्याच्या शेजारची जागा माझी. मी तुमच्यातली नाही, तर मग कुठली, ते तुम्हीच सांगा."

त्या खाली बसल्या. टाळी पडली नाही. मंजूषाने कपाळाला हात लावला. गेली खोली, असं रेजिनाताईंनाही वाटलं, आणि तरी कितीतरी दिवसांनी छाती हलकी झाली होती.

अलका वाकून पुटपुटली, "ताई, माझ्या हातून काय झालं हे! आमच्या देव्हाऱ्यात अंगारा आहे, आणू का धावत जाऊन?"

"गप बस, वेडाबाई," रेजिनाताई म्हणाल्या. त्यांनी तिचा हात घट्ट धरून ठेवला.

मत द्यायचं ते हात वर करून, ही कॉलनीची जुनी रीत. आधी केशवरावांचं नाव घेतलं गेलं. बरेच हात वर झाले. मग रेजिनाताईंचं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. पहिला हात कुणी करायचा? कुणीच करेना.

मत घरटी एकच, आणि घर ज्याच्या नावावर त्याचं, म्हणून मंजूषाला मत नव्हतं. अलकाचं घर लीलावती आजींच्या नावावर, म्हणजे मतही त्यांचंच. खुर्चीत काहीतरी हललं. आजींचा हात मांडीवरून निघाला. डावा, चांगला हात नव्हे, उजवा. कोपरापर्यंत आला. खांद्यापर्यंत आला. तिथे अडला आणि थरथरायला लागला.

रेजिनाताईंना सभा दिसेना, मत दिसेना. त्या ताडकन उठल्या. "वर, आजी, वर! अजून थोडा!"

उमेदवारच उभी राहून असं ओरडतेय म्हटल्यावर हॉलमध्ये हशा पिकला. आजींनी दात आवळले, एक अमरावतीची शिवी हासडली, आणि तो हात कानाच्याही वर गेला. हसता हसता लोकांचे डोळे भरले. मग मागे एक हात वर झाला, मग बाजूला एक, मग रांगच्या रांग. केशवरावांनीही चष्मा पुसला आणि हात वर केला.

मंजूषा ओरडली, "मावशी, निवडून आलात!"

मावशींचं लक्ष कुठे होतं? त्या आजींपुढे गुडघे टेकून बसल्या होत्या. "आता खाली घ्या, आजी. पुरे. दुखेल."

"घेते गं," आजी म्हणाल्या. "आधी सगळ्यांनी बघितला का, ते बघ."