आईनं नदीत उडी मारली!

मंडळी, आत्ताच कोलाडहून दौंडला पोचलोय. अंग ठणकतंय, पण आधी हे सांगते.

काल आईला घेऊन कुंडलिका नदीवर राफ्टिंगला गेले. मुक्काम नदीकाठीच, तंबूत. आईचं माहेर भीमेकाठचं. तिचे भाऊ नदीत मनसोक्त पोहायचे, हिला मात्र काठावर धुणं धुवायला बसवायचे. साठी उलटली, तरी ती कधी पाण्यात उतरली नव्हती.

आज सकाळी राफ्टमध्ये तिनं माझा हात घट्ट धरला होता. उसळत्या पाण्यात तर डोळे मिटूनच बसली. पुढं नदी संथ झाल्यावर गाइड म्हणाला, "लाइफ जॅकेट आहे, इथं उडी मारली तरी चालेल." आम्ही एकमेकांकडे बघतोय, तोवर धप्पकन आवाज झाला. आई पाण्यात!

मी किंचाळलेच. ती मात्र उताणी तरंगत खदाखदा हसत होती.

"आई, हात दे, वर ये!"

"थांब की गं जरा! आत्ता कुठं आलीया पाण्यात, लगीच भाईर कशाला?"

मग मीही नाक दाबून उडी मारली. दोघी हात धरून वाहत राहिलो.

आता सांगा, दौंड-शिरूर भागात बायकांना पोहायला शिकवणारं कुणी आहे का? शिकणारीचं वय बासष्ट आहे आणि तिला सोमवारपासूनच सुरू करायचंय.