कोटांपाशी ठेवलेली आई

पहिला कोट आईच्या तोंडावर पडला.

आई म्हणजे माझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरची आई. मंगल कार्यालयाच्या दारात, चपलांच्या ढिगाशेजारी बसलेली. कॅमेऱ्याकडे बघावं की नाही हे न कळलेली. कोट ओला होता. फ्रँकफर्टचा नोव्हेंबर, सकाळपासून रिपरिप चाललेली. कोट टाकणाऱ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "डांके," असं जर्मनमध्ये थँक्यू म्हणाल्या आणि पैठणी सावरत आत गेल्या. मराठीच बाई. मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता आणि मी तिथे लेखिका म्हणून आले होते.

निदान मला तसं वाटत होतं.

इथे कोट घालून कुणी हॉलमध्ये जात नाही. दाराबाहेर हँगरचे स्टँड असतात, त्यांच्यापुढे एक टेबल आणि टेबलामागे एक माणूस. त्याच्या हातात कोट द्यायचा आणि आत जायचं. या जागेला गार्डेरोबे म्हणतात. पहिल्याच हिवाळ्यात ही रीत सगळ्यांच्या अंगवळणी पडते. माझ्या पुस्तकांचं टेबल बरोब्बर तिथे लावलं होतं. मग लोकांनी तरी काय समजायचं?

खरं तर मला आत जागा देणार होते. साड्यांच्या आणि फराळाच्या स्टॉलशेजारी. पण मी पोचले तेव्हा मेघनाताई दारातच भेटल्या. मंडळाचे सांस्कृतिक कार्यक्रम त्याच बघतात.

"अगं, आत सगळं फुल्ल झालंय. पण हा बेस्ट स्पॉट आहे. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तुझ्यासमोरून जाणार. गेनाऊ, अगदी तुला हवं तेच!"

आणि मला ते पटलं. पटायला वेळ लागला नाही, कारण मी महिनोन् महिने तेच करत होते. लोकांच्या समोर येत होते. माझे प्रकाशक म्हणजे एका छोट्या गावातले एक भले गृहस्थ. पुस्तक छापून झालं तेव्हा फोनवर म्हणाले, "ताई, आमच्याकडे जाहिरातीला कुणी नाही. नव्या लेखकाने स्वतःच फिरायचं, स्वतःच बोलायचं. लाजायचं नाही."

मी लाजले नाही. एस-बानच्या लोकलमध्ये उभी राहून पुस्तक हातात धरलेले व्हिडिओ केले. ऑफिसातल्या मराठी मुलांना जेवणाच्या सुट्टीत गाठलं. बुकमार्क छापून घेतले आणि इंडियन दुकानात मसाल्यांच्या रॅकजवळ ठेवले. व्हॉट्सअॅपच्या प्रत्येक मराठी ग्रुपवर मुखपृष्ठ टाकलं. लोक अंगठे दाखवायचे. हात जोडायचे. एकाने विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या? आडनाव लक्षात नाही आलं." त्याच्या ते चांगलं लक्षात आलं होतं.

घरी आई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर एकच विचारायची. "वाचलं का गं कुणी तिथं?"

आईला वाचता येत नाही. पुस्तक तिच्या उशाशी असतं. ते तिचं आयुष्य आहे आणि ते तिच्या गावात कुणी वाचणार नाही, हे तिला ठाऊक होतं. पण जर्मनीतली माणसं शिकलेली. ती वाचतील, असा तिचा भाबडा विश्वास. मी म्हणायची, "वाचतायत आई, वाचतायत." म्हणून मला हा कार्यक्रम हवा होता. मध्यंतरात मला पाच मिनिटं मिळणार होती. एक पान वाचायचं होतं. आईला एकदा तरी खरं उत्तर द्यायचं होतं.

पहिला कोट मी उचलला, हँगरला लावला. मुखपृष्ठ ओढणीने पुसलं. दुसरा आला. तोही लावला. मग रांगच लागली. कुणी छत्री दिली. कुणी बाळाची टोपी. एका काकांनी कोट देताना पुस्तकाकडे बघितलं, वाटलं हातात घेतील. त्यांनी मफलर त्यावर ठेवला. मी बोलायला हवं होतं, पण हात आधी पुढे जात होते. ही सवय कुठून आली ते मला माहीत आहे. मी तिच्यावरच पुस्तक लिहिलंय.

भिंतीवर कार्यक्रमाचं पोस्टर होतं. गायिकेचं नाव पूर्ण. निवेदकाचं पूर्ण. माझं फक्त पहिलं नाव, लाडाने हाक मारावी तसं. विचारलं तर मेघनाताई म्हणाल्या, "अगं, जागाच नव्हती." गायिकेचं आडनाव माझ्याहून लांब होतं.

जाता जाता त्यांनी कोटांनी भरलेले स्टँड पाहिले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"किती छान सांभाळलंस! आल्झो, म्हणजे तुमच्या लोकांना कामाची लाज नसते, हे मला फार आवडतं."

तुमच्या लोकांना.

प्रेमाने म्हणाल्या. हेच तर वाईट आहे. शिवी दिली असती तर मी लगेच उलटून बोलले असते. मी हसले. खरंच हसले.

मला जे पान वाचायचं होतं ते असं आहे. आमच्या तालुक्याच्या गावी मंगल कार्यालयात आई झाडायची, उष्ट्या पत्रावळ्या उचलायची आणि लग्न लागत असताना चपला राखायची. एकदा मी तिच्याबरोबर गेले. अंगात मामाने आणलेला नवा फ्रॉक होता. पंगत बसत होती. मी पण जाऊन बसले. वाढप्याने पानात जिलेबी टाकली. तेवढ्यात नवऱ्या मुलाकडच्या एका बाईंनी मला पाहिलं. "ही चपलांपाशीची ना?" असं म्हणाल्या आणि दंडाला धरून मला उठवलं. मारलं नाही. ओरडल्याही नाहीत. जिलेबी पानात राहिली. आईने मला चपलांच्या ढिगाशेजारी बसवलं आणि पदराने माझं तोंड पुसलं. तोंडाला काहीही लागलेलं नव्हतं. सगळे जेवून गेल्यावर आम्हाला पातेल्याच्या झाकणात भात मिळाला. आईने तो खाल्ला. मी नाही खाल्ला. तेव्हा आईनेच मला मारलं.

हे पान मेघनाताईंना आठवडाभर आधी पाठवलं होतं. त्यांचा फोन आला. "लिहिलंयस सुंदर. पण सणाचा दिवस गं. मुलं असतात. आईच्या हातच्या चवीबद्दल काही नाही का पुस्तकात?" मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, बघू.

मध्यंतर आलं. आतून चकल्यांचा वास, हसण्याचे आवाज. मी पुस्तक घेऊन दाराशी गेले. मेघनाताईंनी लांबूनच हात हलवला आणि मग जवळ आल्या. "गायन लांबलंय. तुझं पुढच्या वेळी नक्की करू हं. आणि प्लीज बाहेरच थांब. कोटांपाशी कुणीतरी हवं."

दार लागलं. आत टाळ्या वाजल्या.

मी बाहेर एकटी. समोर ओले कोट, बहुतेक काळेच. खाली पुस्तकांचा गठ्ठा आणि त्यावर कुणाचंतरी जॅकेट. मला रडू आलं. पस्तिशी ओलांडलेली बाई, जर्मन कंपनीत टीम सांभाळणारी, भरल्या हॉलच्या बाहेर नाक पुसत उभी. मी जॅकेट उचललं. आईचा चेहरा पुन्हा ओला झाला होता. ती तशीच बघत होती, कॅमेऱ्याकडे बघावं की नाही या नजरेने. मी माझ्या आईला इथे आणलं होतं. इतका समुद्र ओलांडून, आणि पुन्हा दाराबाहेर.

तेव्हा ठरलं. काही मोठं वाटलं नाही. डोळे सुकले, एवढंच.

मी टेबल ओढून स्टँडपासून लांब, थेट बाहेर जायच्या दारासमोर नेलं. पुस्तकं मांडली. पोस्टरवर पेनाने माझं आडनाव लिहिलं, ठळक.

कार्यक्रम संपला. लोक बाहेर आले आणि सवयीने माझ्यापुढे हात करून उभे राहिले. "माझा काळा कोट," एक जण म्हणाले.

"कोट ज्याचा त्याने घ्यावा," मी म्हटलं. "मी या पुस्तकाची लेखिका आहे. आता एक पान वाचणार आहे."

मग मी माझं पूर्ण नाव सांगितलं आणि वाचायला लागले. माइक नव्हता. या थंडीत कोटाशिवाय कुणाला बाहेर जाता येत नव्हतं आणि कोट शोधायला वेळ लागत होता. पैठणीवाल्या बाई एका बाहीत हात घालून थांबल्या, दुसरा हात तसाच. "ही चपलांपाशीची ना?" हे वाक्य मी वाचलं तेव्हा हँगरचे आवाज थांबले. काही जण मान खाली घालून माझ्या बाजूने निघून गेले. एक काका मोठ्याने म्हणाले, "सणासुदीला हे कशाला?" मी वाचत राहिले.

मेघनाताई लगबगीने आल्या. "हे काय चाललंय?"

"जाहिरात करतेय, ताई. तुम्हीच म्हणालात, बेस्ट स्पॉट आहे."

त्यांचा चेहरा पडला. मला त्याचा आनंद झाला नाही. मी उरलेलं वाचून पूर्ण केलं, मारापर्यंत. टाळ्या वाजल्या नाहीत. पुस्तक कुणी घेतलं नाही. एका मुलीने हातात घेतलं होतं, तिच्या आईने ते परत ठेवायला लावलं. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवरून माझं नाव काढलं होतं.

रविवारी आईचा फोन. "वाचलं का गं कुणी?"

"नाही आई," मी म्हटलं. पहिल्यांदाच. "मी वाचलं. सगळ्यांच्या समोर, उभं राहून."

"चपलांचं पण?"

"ते पण."

पडद्यावर तिचं फक्त कपाळ दिसत होतं. मग म्हणाली, "मी मारलं, ते पण?"

"ते पण."

तिने पदर तोंडाला लावला आणि फोन शेजारच्या पोराकडे दिला. त्या दिवशी ती परत बोलायला आली नाही.

पुढच्या महिन्यात मी हायडेलबर्गला जाणार आहे. तिथल्या मराठी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. मला कुणी बोलावलेलं नाही. त्यानंतर हॅम्बर्ग. तिथेही नाही. घडीचं टेबल मी विकत घेतलंय, ते माझं मी घेऊन जाईन. दारासमोर मांडेन. आधी पूर्ण नाव सांगेन, मग तेच पान वाचेन. हसून कुणाला बरं वाटू देणार नाही. त्या टेबलावर कुणी कोट टाकला तर तो उचलून जमिनीवर ठेवेन आणि पुढची ओळ वाचेन.